गादी शब्दाची आणि गादी देहाची

मार्च 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमिनीच्या एका वादात निकाल दिला. पतियाळा जिल्ह्यातल्या बिलासपूर गावच्या लोकांनी धर्मकार्यासाठी दिलेली ही जमीन. महसुली दप्तरात मालक म्हणून नाव लागलं होतं ते गुरू ग्रंथ साहिबचं. पुढे जमिनीवर हक्क सांगणाऱ्यांनी विचारलं, ग्रंथ मालक कसा असेल? उच्च न्यायालयाने त्यांचा मुद्दा उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि गुरू ग्रंथ साहिब ही कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' आहे, असा निर्णय दिला. मूर्तीला कायदा व्यक्ती मानतो, पण त्या न्यायाने हा दर्जा दिलेला नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. शीख धर्माला मूर्तिपूजा मान्य नाही. शिवाय प्रत्येक पवित्र ग्रंथाला हा दर्जा आपोआप मिळत नाही. इथे तो मिळाला, कारण शीख समाज या ग्रंथाला गुरू मानतो.

गुरुद्वारात दिवसभर जे चालतं ते याच श्रद्धेतून. पहाटे ग्रंथ उघडला जातो, त्याला 'प्रकाश' म्हणतात. रात्री तो रुमाल्यांत गुंडाळून विश्रांतीच्या जागी नेतात, ते 'सुखासन'. वर चांदवा आणि मागे चौरी ढाळणारा सेवक असतो. सकाळी ग्रंथ उघडला की डाव्या पानाच्या वरच्या बाजूची रचना वाचतात. तो त्या दिवसाचा 'हुकमनामा', म्हणजे गुरूची आज्ञा. 2015 साली पंजाबात बरगाडी गावी ग्रंथाची पानं फाडून टाकलेली सापडली, तेव्हा सारा प्रांत रस्त्यावर उतरला आणि बेहबल कलां इथे पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा जीव गेला. त्या संतापाचं कारण या श्रद्धेत आहे. लोकांच्या लेखी तो गुरूच्या देहावरचा घाव होता.

मग ज्यांना जिवंत, देहधारी गुरू हवा असतो, ते कोण? त्यांना शीख म्हणायचं की नाही? हा वाद समजून घ्यायचा तर ग्रंथाला गुरुपद मिळालं असं मानतात त्या 1708 सालाच्या आधीची सुमारे एकशे सत्तर वर्षं पाहायला हवीत.

गुरू नानकांनी आपली गादी मुलांना दिली नाही. भाई लहणा या शिष्याला 'अंगद' हे नाव देऊन त्यांनी पुढचा गुरू केलं. थोरले चिरंजीव श्रीचंद विरक्त होते. त्यांच्यामागे उदासी साधूंचा पंथ उभा राहिला आणि पुढे कित्येक गुरुद्वारे उदासी महंतांच्या ताब्यात राहिले. चौथ्या गुरूंनी धाकट्या मुलाला, अर्जनदेवांना निवडलं. थोरल्या प्रिथी चंदने हे मान्य केलं नाही आणि स्वतःची वेगळी गादी चालवली. 'नानक' या नावाने रचना करून त्या गुरूंच्या म्हणून फिरवण्याचे प्रकार त्याच काळातले. अस्सल बाणी, म्हणजे गुरूंच्या रचना, कोणती, हे कायमचं ठरवण्यासाठी गुरू अर्जनदेवांनी 1604 साली भाई गुरदासांकडून आदिग्रंथ लिहून घेतला आणि अमृतसरच्या हरिमंदिरात ठेवला. म्हणजे ग्रंथाच्या जन्मामागे भक्ती आहेच, त्याबरोबर वारसाहक्काचं भांडणही आहे.

पुढची भांडणं तर अधिक बोलकी आहेत. सातव्या गुरूंचे थोरले चिरंजीव रामराय औरंगजेबाच्या दरबारात गेले. बादशहाची मर्जी राखण्यासाठी त्यांनी गुरू नानकांच्या एका ओळीतला शब्द बदलून सांगितला. हे कळताच वडिलांनी त्यांचं तोंड पाहायचं नाकारलं. गादी पाच वर्षांच्या धाकट्या हरकृष्णांकडे गेली. रामराय डेहराडूनला स्थायिक झाले, त्यांचा तिथला दरबार आजही आहे. माझ्या मते साऱ्या शीख इतिहासात याहून महत्त्वाचा प्रसंग नसेल. एका शब्दासमोर पोटचा मुलगा हलका ठरला. बाणी गुरूपेक्षाही वर आहे, हा विचार 1708 च्या बराच आधी, एका बापाच्या निर्णयात दिसतो.

धीरमलचं उदाहरण उलट बाजूचं. सहाव्या गुरूंचा हा नातू. आदिग्रंथाची मूळ प्रत त्याच्या हाती होती आणि त्या बळावर तो गुरुपदावर हक्क सांगत होता. ती प्रत पुढे कर्तारपूरच्या सोढी घराण्यात राहिली. ग्रंथ जवळ असूनही पंथाने धीरमलला गुरू मानलं नाही. नववे गुरू तेगबहादूर यांच्या वेळी तर बकाला गावात 22 जण गादीवर दावा सांगत बसले होते, असं परंपरा सांगते.

ही सारी कटुता गुरू गोविंदसिंगांच्या घराण्यातलीच होती. त्यांचे चारही मुलगे त्यांच्या हयातीतच गेले. दमदमा साहिबला त्यांनी भाई मणिसिंगांकडून ग्रंथाची नवी प्रत करवून घेतली आणि तीत वडिलांच्या, गुरू तेगबहादूरांच्या रचना घातल्या. ऑक्टोबर 1708 मध्ये गोदावरीच्या काठी, नांदेडला त्यांचा अंत झाला. त्याआधी त्यांनी ग्रंथापुढे माथा टेकवला आणि यापुढे देहधारी गुरू नाही असं सांगितलं, ही आजच्या बहुसंख्य शिखांची श्रद्धा. अरदास या प्रार्थनेनंतर म्हटल्या जाणाऱ्या दोह्यात हीच आज्ञा आहे.

इतिहासकारांनी या घटनेच्या पुराव्यांवर पुष्कळ खल केला आहे. सैनापती या दरबारी कवीच्या 'गुरशोभा'त गुरूंनी खालसा, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांचा समाज, आणि शब्द या दोघांकडे वारसा सोपवल्याचं येतं. म्हणून अठराव्या शतकात 'गुरू ग्रंथ' आणि 'गुरू पंथ' हे दोन्ही विचार शेजारी शेजारी नांदत होते. ग्रंथासमोर जमलेला खालसा जे ठरवील तो गुरूचा निर्णय. त्याच काळात बंदा सिंग बहादूरला गुरू मानणारे 'बंदई'ही होते. त्यांचा आणि 'तत्त खालशा'चा वाद 1721 च्या सुमारास अमृतसरला मिटवावा लागला. ग्रंथाचं एकमेव गुरुपद एका दिवसात साऱ्यांना पटलं असं झालं नाही. ते पक्कं होत गेलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंग सभेच्या चळवळीने त्यावर शिक्कामोर्तब केलं. 1925 च्या गुरुद्वारा कायद्यात शीख असल्याचं जे प्रतिज्ञापत्र आहे, त्यात गुरू ग्रंथ साहिब, दहा गुरू आणि दुसरा धर्म नसणं, या तीनच गोष्टी आहेत. अकरावा गुरू मानणारा माणूस या व्याख्येच्या दारातच अडतो.

नामधारी तिथे अडतात. लुधियाना जिल्ह्यातलं भैणी साहिब हे त्यांचं केंद्र. पांढरे कपडे, कपाळावर सरळ आडवी बांधलेली पांढरी पगडी, हातात लोकरीची माळ, आहार कडक शाकाहारी. भजनात तल्लीन होऊन ते 'कूक' म्हणजे आरोळी देत, म्हणून लोक त्यांना कूका म्हणू लागले. गुरू गोविंदसिंगांचा 1708 मध्ये अंत झालाच नाही, असं ते मानतात. अजापालसिंग या नावाने ते 1812 पर्यंत हयात होते आणि त्यांनी हजरोच्या बालकसिंगांना गादी दिली. बालकसिंगांनंतर रामसिंग. म्हणजे नांदेडची घटनाच ते वेगळी वाचतात. तारीख बदलली की सारा सिद्धान्त बदलतो. ग्रंथ त्यांना अत्यंत पूज्य आहे, त्याचे अखंड पाठ ते करतात. गुरुपद मात्र सद्गुरूकडे.

रामसिंगांनी 1857 च्या वैशाखीला संत खालशाची स्थापना केली. हुंडा, बालविवाह, मुलींची हत्या यांना विरोध केला, साधे, सामुदायिक विवाह लावले. इंग्रजी न्यायालयं, टपाल, परदेशी कापड यांवर बहिष्काराचा आग्रह धरला. जानेवारी 1872 मध्ये काही कूकांनी मालेरकोटल्यावर हल्ला केला. इंग्रज अधिकाऱ्यांनी रीतसर खटला न चालवता सुमारे 65 जणांना तोफेच्या तोंडी दिलं आणि रामसिंगांना रंगूनला पाठवलं. नामधाऱ्यांचा गुरू मान्य नसलेले शीखही या बलिदानापुढे नतमस्तक होतात, आणि ते योग्यच आहे. रामसिंग परत येतील, याची वाट नामधारी आजही पाहतात. मात्र 2012 साली सद्गुरू जगजितसिंग गेल्यावर वारसाचा वाद उभा राहिला आणि पंथात फूट पडली. प्रिथी चंद आणि रामराय यांच्या काळातला तोच प्रश्न देहधारी गुरूच्या गादीभोवती पुन्हा आला.

निरंकारी म्हणजे कोण, याबाबत महाराष्ट्रात मोठा गोंधळ आहे. मूळ निरंकारी रावळपिंडीचे. बाबा दयाल (1783 ते 1855) यांनी शिखांमध्ये शिरलेली मूर्तिपूजा आणि कर्मकांड झुगारून निराकाराची उपासना सांगितली. अग्नीऐवजी गुरू ग्रंथ साहिबभोवती फेरे घेऊन लावायचा 'आनंद कारज' विवाह रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. 1909 च्या आनंद विवाह कायद्याने त्याला मान्यता मिळाली. नामधाऱ्यांचे विवाह अग्नीच्या साक्षीने होतात, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा. फाळणीनंतर हा निरंकारी दरबार चंदीगडला आला.

आपल्या शहरांत ज्यांचे सत्संग भरतात, जे 'धन निरंकार जी' म्हणून भेटतात, ते संत निरंकारी मिशनचे. 1929 मध्ये बूटा सिंग यांनी ते सुरू केलं. आज त्याचं केंद्र दिल्लीला आहे. जिवंत सद्गुरूकडून 'ज्ञान' मिळतं ही त्यांची मध्यवर्ती श्रद्धा. 'अवतार बाणी' हा त्यांचा स्वतःचा ग्रंथ. आपण वेगळा धर्म किंवा शीख पंथ नसून आध्यात्मिक चळवळ आहोत, असं ते सांगतात. पंजाबातल्या शिखांना मात्र हे सारं गुरूंच्या जागेवरचं अतिक्रमण वाटलं. 13 एप्रिल 1978 ला, वैशाखीच्या दिवशी, अमृतसरमध्ये मिशनच्या संमेलनाला विरोध करायला गेलेल्या 13 शिखांचा मृत्यू झाला, दुसऱ्या बाजूचीही माणसं गेली. अकाल तख्ताने, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, जूनमध्ये हुकमनामा म्हणजे जाहीर आदेश काढून मिशनशी संबंध तोडायला सांगितलं. आरोपी न्यायालयात सुटले आणि 24 एप्रिल 1980 ला मिशनचे प्रमुख बाबा गुरबचनसिंग यांची दिल्लीत हत्या झाली. पंजाबचं पुढचं काळंकुट्ट दशक इथून सुरू झालं असं मानणारे अनेक आहेत. 24 एप्रिल हा दिवस मिशन 'मानव एकता दिवस' म्हणून रक्तदानाने साजरा करतं. सूडाऐवजी रक्तदान, ही त्यांची निवड मला फार मोलाची वाटते.

ग्रंथ समोर असताना माणसं डेऱ्यांकडे, म्हणजे देहधारी गुरूंच्या मठांकडे, का वळतात, याचं उत्तर केवळ अज्ञान असं देणं अन्यायाचं आहे. ब्यासच्या राधास्वामी सत्संगात ग्रंथाची स्थापना नसते, पण प्रवचनात गुरबाणी सतत येते. ती समजावून सांगणारा, नामाची दीक्षा देणारा, डोळ्यांत पाहून बोलणारा कुणी तरी लोकांना हवा असतो. आणि त्याहून कडू कारण जातीचं आहे. जातिभेद न मानणाऱ्या धर्माच्या गावांत दलितांचे गुरुद्वारे आणि स्मशानं वेगळी राहिली. ज्यांना तिथे दूर बसवलं, ते सन्मानाने जवळ घेणाऱ्या डेऱ्यात गेले. जालंधरजवळच्या बल्लां इथला रविदासी डेरा असाच मोठा झाला. 24 मे 2009 ला व्हिएन्नातल्या रविदासी गुरुद्वारात हल्ला झाला. ग्रंथाच्या उपस्थितीत देहधारी संतांना दिला जाणारा मान हल्लेखोरांना खुपत होता. संत रामानंद त्यात मारले गेले. 30 जानेवारी 2010 ला वाराणसीत, रविदास जयंतीला, डेऱ्याने वेगळ्या रविदासिया धर्माची घोषणा केली आणि रविदासांच्या रचनांची 'अमृतबाणी' हा स्वतंत्र ग्रंथ पुढे आणला. सगळ्या रविदासियांनी ते स्वीकारलं नाही. काहींच्या भवनांत आजही गुरू ग्रंथ साहिबच आहे, कारण रविदासांची सुमारे 40 पदं त्याच ग्रंथात आहेत. एका हत्येने एक समाज ग्रंथापासून दूर ढकलला गेला. ग्रंथाची प्रतिष्ठा राखायला निघालेल्यांनी त्याचं केवढं नुकसान केलं!

ग्रंथ हाच गुरू मानणाऱ्यांतही सगळं एकमत आहे असं नाही. नांदेडच्या तख्त हजूर साहिबला आणि पाटणा साहिबला गुरू ग्रंथ साहिबबरोबर दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो. अमृतसरच्या गुरुद्वारा व्यवस्थापन समितीकडे असलेल्या पंजाबातल्या तख्तांवर तो होत नाही. निहंग हे लढवय्ये शीख तर सरबलोह ग्रंथालाही मान देतात. दशम ग्रंथातलं सगळं गुरू गोविंदसिंगांचंच का, यावर एवढा वाद झाला, की अकाल तख्ताचे माजी जथेदार दर्शनसिंग यांना 2010 मध्ये पंथाबाहेर काढण्यात आलं. अकाल तख्ताची भूमिका अशी, की दशम ग्रंथ आदरणीय आहे, पण गुरुपद त्याला नाही.

उलट टोकही होतं. भसौडचे तेजासिंग हे सिंग सभेतले कडवे सुधारक. त्यांना ग्रंथातली भगतांची बाणी आणि शेवटची रागमाला, म्हणजे रागांची यादी, हीही नको होती. 1928 मध्ये त्यांना पंथाबाहेर काढलं गेलं. त्यांचं चाललं असतं, तर कबीर, फरीद, रविदास यांच्याबरोबर आपल्या नामदेवांची 61 पदंही गेली असती. रागमालेचा वाद मात्र मिटला नाही. रहत मर्यादा या शीख आचारसंहितेने तिचं पठण स्थानिक रिवाजावर सोपवलं, आणि हा समंजसपणा इतर वादांतही चालला असता असं वाटत राहतं.

देहधारी गुरूची गरज मला समजते, तिचा मान राखावासा वाटतो. तरीही माझं मत ग्रंथाच्या बाजूचं आहे. 1430 पानांत गुरूंबरोबर शिंपी, चांभार, विणकर आणि मुसलमान सूफी एकाच गादीवर बसतात, आणि त्यांच्यापैकी कुणालाही खाली उतरवण्याचा अधिकार कुणा वारसाकडे उरत नाही. नांदेडला गेलात, तर दर्शन घेऊन लगेच लंगरकडे वळू नका. त्या दिवसाचा हुकमनामा कोणाच्या रचनेतून आला, एवढं तिथल्या ग्रंथींना जरूर विचारा. तो नामदेवांचाही असू शकतो.