संगणकावर मराठी पुस्तक सापडावे म्हणून

महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यानुसार शासनमान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये अ, ब, क आणि ड अशा वर्गांत विभागलेली आहेत. ती स्थानिक संस्था चालवतात आणि त्यांना राज्य सरकारचे अनुदान मिळते. मोठ्या ग्रंथालयात ग्रंथपाल, निर्गम साहाय्यक, लिपिक, शिपाई अशी माणसे असतात. गावातल्या लहान वाचनालयात मात्र कुलूप उघडण्यापासून वर्गणी गोळा करण्यापर्यंतचे सगळे काम बहुधा एकच कर्मचारी पाहतो. दाखल नोंदवही, तालिकापत्रे आणि देवघेवीची वही यांवर वर्षानुवर्षे चाललेला हा कारभार आता संगणकावर आणि इंटरनेटवर येत आहे. त्यासाठी लागणारी कौशल्ये याच माणसांना, बहुतेकदा चालू नोकरीत, शिकावी लागतात.

सुरुवात ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरपासून होते. भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेले ‘ई-ग्रंथालय’ आणि सर्वांना मोफत उपलब्ध असलेले ‘कोहा’ ही दोन नावे इथे वारंवार ऐकू येतात. कोहाचा जन्म न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या ग्रंथालयांसाठी झाला आणि जानेवारी २०००मध्ये ते प्रत्यक्ष वापरात आले. पुस्तकाची नोंद करणे, त्यावर बारकोड चिकटवणे, ते वाचकाच्या नावे देणे आणि परत घेणे ही कामे सरावाने जमून जातात. जुन्या वहीतले रकानेच पडद्यावर दिसत असल्याने अनुभवी कर्मचाऱ्याला त्यांचे भय फार काळ राहत नाही. खरी परीक्षा मराठी नोंदींची असते, आणि प्रशिक्षणात नेमका हाच भाग घाईने उरकला जातो.

अनेक ग्रंथालयांनी पहिल्या याद्या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटांत टंकित केल्या. अशा फाँटांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. त्यामुळे यादी छापता येते, मात्र इंटरनेटवर ठेवलेल्या तालिकेत वाचकाला त्यातून काही शोधता येत नाही, अकारविल्हेही लागत नाही. ही माहिती रूपांतरक वापरून युनिकोडमध्ये आणावी लागते, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार नीट आले आहेत का, हे माणसानेच ओळीओळीने तपासावे लागते.

युनिकोड आले म्हणजे सगळे सुटले असेही नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकित होऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाने त्यांना एक मानले नाही, तर पुस्तक कपाटात असूनही शोधात येत नाही. ॲ या अक्षराचीही तीच गत. जुन्या पुस्तकांत शुद्धलेखनाचा प्रश्न वेगळाच असतो. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ते आहेत. ह. ना. आपटे यांच्या कादंबरीच्या नावातला ‘लक्षांत’ आजचा वाचक ‘लक्षात’ असा टंकणार. म्हणून मूळ नाव जसेच्या तसे नोंदवून आजच्या लेखनाचे पर्यायी नावही द्यायला कर्मचाऱ्याने शिकले पाहिजे.

लेखकांच्या नावांबाबत तर जुन्या ग्रंथपालाचे ज्ञानच कामी येते. राम गणेश गडकरी यांनी कविता गोविंदाग्रज या नावाने लिहिल्या, विनोदी लेख बाळकराम या नावाने, आणि नाटके स्वतःच्या नावाने. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कवितासंग्रहांवर आरती प्रभू हे नाव आहे, कादंबऱ्यांवर खानोलकर. ही नावे एकमेकांशी जोडणारी अधिकृत नोंद सॉफ्टवेअरमध्ये करता येते. ती केली, की वाचकाने कोणतेही नाव टंकले तरी त्या लेखकाचे सगळे साहित्य समोर येते. आद्याक्षरांमधली टिंबे आणि मोकळ्या जागा कशा ठेवायच्या, हेही एकदा ठरवून सर्वांनी तसेच पाळावे लागते.

इंग्रजी पुस्तकांच्या तयार नोंदी दुसऱ्या ग्रंथालयांच्या संगणकांतून उतरवून घेता येतात. मराठीत ही सोय तुटपुंजी आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तके भरपूर आहेत, पण त्यांच्या बहुतेक जुन्या नोंदी टिंबे आणि रेघा लावलेल्या रोमन अक्षरांत आहेत. त्या वाचून देवनागरीत आणता येणे हेही एक शिकण्याजोगे कसब आहे.

वाचकांना मदत करतानाही नवी माहिती लागते. मराठी विश्वकोश इंटरनेटवर आहे, मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तके आहेत, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. अभ्यासिकेतल्या विद्यार्थ्याला हे दाखवणे सोपे. मात्र त्याने मागितलेली एखादी पीडीएफ वैध आहे की चोरीची, हे सांगता यायला कायदा ठाऊक असावा लागतो. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा स्वामित्वहक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५०चे, म्हणून त्यांची अशी पुस्तके २०११पासून मुक्त आहेत. पु. ल. देशपांडे २०००मध्ये गेले; त्यांच्या पुस्तकांचा हक्क २०६०अखेरपर्यंत राहील.

हे सगळे शिकवायचे कसे, याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेत आहे. नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी २००६मध्ये कर्मचाऱ्यांसाठी २३ छोट्या कृतींचा अभ्यासक्रम तयार केला. ब्लॉग सुरू करणे, छायाचित्रे चढवणे, विकीवर लिहिणे अशा गोष्टी प्रत्येकाने आपल्या सवडीने करून पाहायच्या आणि अनुभव स्वतःच्या ब्लॉगवर नोंदवायचा. पूर्ण करणाऱ्याला एमपी३ प्लेअर भेट. पुढे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी हा नमुना उचलला. त्यात वापरलेली कित्येक संकेतस्थळे नंतर बंद पडली, पण पद्धत पक्की होती: एका वेळी एकच लहान गोष्ट, आणि ती स्वतःच्या हाताने करून.

मराठी ग्रंथालयाला दोन दिवसांच्या कार्यशाळेपेक्षा हीच रीत अधिक मानवेल. एका आठवड्यात पाच टोपणनावे जोडणे, पुढच्या आठवड्यात जुन्या फाँटातली एक फाइल बदलून तपासणे, असे काम नेमून देता येते. एकट्या कर्मचाऱ्याला त्यासाठी वेगळे तास मिळत नाहीत, ही मोठी अडचण आहे, आणि संस्थेच्या कार्यकारी मंडळाने ती सोडवायला हवी. पुस्तकांच्या पडताळणीचा काळ यासाठी सर्वांत सोयीचा असतो. तेव्हा प्रत्येक पुस्तक तसेही कपाटातून हातात येते, त्यामुळे मुखपृष्ठ समोर ठेवून नोंद तिथल्या तिथे दुरुस्त करता येते.