जुन्या रेडिओचे सुटे भाग

व्हॉल्व्हचा रेडिओ बंद पडला की पहिला संशय व्हॉल्व्हवर जातो. बहुतेक वेळा दोष कंडेन्सरचा असतो. फिल्टरच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधले द्रावण वर्षानुवर्षे सुकत जाते आणि स्पीकरमधून घरघर येऊ लागते. मेणकागदाच्या कंडेन्सरचे दुखणे वेगळे. ते ओल धरतात आणि लीक होतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कंडेन्सर लीक झाला, तर त्या व्हॉल्व्हमधून भलताच प्रवाह वाहतो, प्लेट लालभडक होते आणि कधीकधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. म्हणून माळ्यावरून काढलेला रेडिओ जाणता कारागीर लगेच विजेला जोडत नाही. आधी हा कंडेन्सर बदलतो. तो मिळणे मुळीच अवघड नाही. जुन्या सर्किटमध्ये 0.05 किंवा 32 मायक्रोफॅरड लिहिलेले असते, दुकानात 0.047 आणि 33 मिळतात. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. व्होल्टेज मात्र लिहिल्यापेक्षा कमी चालत नाही.

मुंबईत या खरेदीसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठ गाठावी लागते. व्हॉल्व्हचे मात्र नशीब वेगवेगळे. ईएल 84 आणि ईसीसी 83 रशिया आणि स्लोव्हाकियात आजही नवे बनतात, कारण इलेक्ट्रिक गिटारवाल्यांच्या अँप्लिफायरना ते लागतात. रेडिओसाठी कोणी कारखाना चालवत नाही. त्यामुळे पकडलेल्या लहरीची वारंवारिता 455 किलोहर्ट्झच्या आसपास आणून ठेवणारा ईसीएच 81 हा जुन्या शिलकीतूनच शोधावा लागतो. स्टेशन नेमके लागले की मिटणारा ईएम 84 चा हिरवा डोळाही तसाच. वापराने त्याची चमक विझत जाते आणि ती परत आणता येत नाही.

ट्रान्झिस्टर रेडिओची अडचण याहून विलक्षण आहे. जर्मेनियमच्या एएफ 114 ते एएफ 117 या मालिकेतल्या ट्रान्झिस्टरला तीन पायांशिवाय चौथा पाय असतो. तो धातूच्या टोपीला जोडलेला असून टोपीला अर्थिंग देतो. टोपीच्या आतल्या बाजूला कथिलाचा मुलामा असतो आणि त्यातून काही मायक्रॉन जाडीचे केस आपोआप उगवतात. आत भरलेल्या ग्रीसमधून वाट काढत ते एखाद्या पायाला टेकले की तो पाय टोपीशी शॉर्ट होतो आणि रेडिओ मुका होतो. यासाठी वीज वाहावी लागत नाही. खोक्यातून कधीच बाहेर न काढलेल्या ट्रान्झिस्टरमध्येही केस वाढतात, म्हणून ‘नवा, न वापरलेला’ ही खात्री इथे पोकळ ठरते. चौथा पाय आणि इतर तीन पाय यांच्यात मल्टिमीटर लावला की दोष लगेच कळतो. एकच पाय टेकला असेल, तर चौथा पाय कापून टाकतात आणि पुष्कळदा रेडिओ पुन्हा बोलू लागतो. काही कारागीर भारित कंडेन्सरचा झटका देऊन केस जाळतात, पण काही काळाने ते पुन्हा उगवू शकतात.

जर्मेनियमच्या जागी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर थेट बसवता येत नाही. जर्मेनियमला बेसवर 0.2 ते 0.3 व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला 0.6 ते 0.7 लागतात. बायसचे रेझिस्टन्स न बदलल्यास आवाज चिरका येतो किंवा येतच नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले जर्मेनियमचे एसी 128 अजून अधूनमधून हाती लागतात. ते मीटरवर तपासून जोडीने घ्यावेत.

पुढच्या काळातल्या स्टिरिओ अँप्लिफायरमध्ये भाग मिळतो, पण खरा मिळेलच असे नाही. 2एन3055 चे नकली नग मीटरवर निर्दोष दिसतात. आतली चिप लहान असल्याने आवाज वाढवला की ते जळतात आणि स्पीकरही सोबत नेतात. सान्योच्या एसटीके मॉड्यूलचेही हेच. जुन्या यंत्रातून काढलेला चालू नग हा कोऱ्या दिसणाऱ्या स्वस्त नगापेक्षा भरवशाचा. रेकॉर्ड प्लेअरच्या जुन्या क्रिस्टल पिकअपमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असे आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत तो खराब होई. त्याच्या जागी सिरॅमिक पिकअप बसतो, फक्त आवाज थोडा कमी येतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळतो, डायलचा दोरा नायलॉनचा चालतो. स्टेशनांची नावे छापलेली डायलची काच, 455 किलोहर्ट्झचे ट्रान्सफॉर्मर म्हणजे आयएफटी आणि स्टेशन बदलणारा गँग कंडेन्सर मात्र बहुधा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रेडिओतूनच काढावे लागतात. म्हणून घरातला बंद पडलेला रेडिओ भंगारात देण्याआधी एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याला जरूर दाखवावा. निदान त्याची काच तरी दुसऱ्या रेडिओच्या उपयोगी पडेल.