चाकूच्या पात्यावरील संरक्षक लेप

चाकूच्या पात्यावरील संरक्षक लेप म्हणजे पाते गंजू नये, त्यावर ओरखडे पडू नयेत किंवा ते चकाकू नये यासाठी पोलादाच्या पृष्ठभागावर दिलेला पातळ थर होय. हत्यारी पोलादापासून बनविलेल्या घडीच्या चाकूंवर असे लेप विशेषत्वाने आढळतात. कारण हे पोलाद धार उत्तम धरते, परंतु त्यातील बहुतेक प्रकार गंजास सहज बळी पडतात. लेपांचे प्रकार अनेक असले, तरी एक मर्यादा सर्वांना समान आहे. धार लावताना दगड प्रथम लेपच घासून काढतो, म्हणून ज्या ठिकाणी चाकू प्रत्यक्ष कापतो ती कड नेहमी उघडी असते. ‘काळ्या पात्याचा चाकू गंजत नाही’ हा ग्राहकांमध्ये रूढ असलेला समज त्यामुळे बरोबर ठरत नाही.

पोलाद आणि गंज

हत्यारी पोलाद हे मुळात चाकूंसाठी नव्हे, तर ठसे, कातर-पाती, गिरमिटे आणि इतर यंत्रहत्यारे बनविण्यासाठी विकसित झाले. त्यात कार्बनचे प्रमाण जास्त असून टंगस्टन, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम व क्रोमियम यांपैकी काही मूलद्रव्ये मिसळलेली असतात. ही मूलद्रव्ये कार्बनशी संयोग पावून कार्बाइडांचे अतिकठीण कण तयार करतात आणि त्यामुळे धार लवकर झिजत नाही. लोहाराच्या भाषेत ‘पाणी दिलेले’ असे पाते साधारणतः रॉकवेल सी मापनश्रेणीवर ५८ ते ६४ इतके कठीण असते.

पोलाद अगंज ठरण्यासाठी त्यात वजनाने किमान सुमारे १०.५ टक्के क्रोमियम असावे लागते. हे क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर एक अदृश्य, घट्ट थर धरते. ओ१ या जुन्या हत्यारी पोलादात क्रोमियम अवघे अर्धा टक्का असते, एम४ मध्ये सुमारे ४, ए२ मध्ये सुमारे ५ आणि सीपीएम ३व्ही मध्ये सुमारे ७.५ टक्के. डी२ या लोकप्रिय पोलादात मात्र ते सुमारे १२ टक्के असते. केवळ आकडा पाहिला तर डी२ अगंज म्हणावयास हवे. तसे घडत नाही, याचे कारण त्यात कार्बनही दीड टक्का असतो; क्रोमियमचा मोठा वाटा कार्बाइडांत अडकून पडतो आणि संरक्षक थर धरण्यासाठी मोकळे क्रोमियम थोडेच उरते. व्यापारात डी२ ला ‘सेमी-स्टेनलेस’ म्हणतात ते यामुळे. हे पोलाद सर्वत्र सारखे तांबूस होत नाही. त्यावर बारीक ठिपके पडतात आणि त्यांखाली खड्डे तयार होतात.

घडीच्या चाकूला गंजण्याच्या संधी स्वयंपाकघरातील सुरीपेक्षा अधिक मिळतात. तो खिशात, अंगाच्या उबेत व घामात राहतो. घामातील मीठ गंजण्याची क्रिया वेगाने पुढे नेते. कापलेल्या फळाचा आंबट रस पाते मिटल्यावर मुठीच्या आत तसाच राहतो आणि तिथे हवा खेळत नसल्याने ओल लवकर सुकत नाही. कोकणासारख्या किनारी प्रदेशात पावसाळ्यात हवेतील दमटपणा आणि खारटपणा या सर्वांत भर घालतात.

रासायनिक थर

सर्वांत जुने उपाय पोलादावर वेगळा पदार्थ चढवीत नाहीत, तर पोलादाच्याच पृष्ठभागाचे रूपांतर करतात. बंदुकीच्या नळ्यांवर दिसणारा निळसर काळा रंग हा ब्लूइंग या प्रक्रियेचा परिणाम होय. उष्ण पद्धतीत कॉस्टिक सोडा व नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात पोलाद बुडवितात. त्यामुळे पृष्ठभागावर मॅग्नेटाइट या काळ्या ऑक्साइडाचा एखाद्या मायक्रॉनच्या आसपास जाडीचा थर येतो. तांबडा गंज फुगतो आणि सुटून पडतो. मॅग्नेटाइट पृष्ठभागाला चिकटून राहतो. तथापि हा थर एकट्याने फारसे रक्षण करीत नाही. त्याचा खरा उपयोग तेल धरून ठेवण्यात आहे, आणि तेल पुसले गेले की संरक्षणही जाते. डी२ सारख्या क्रोमियमयुक्त पोलादावर साधे ब्लूइंग नीट चढत नाही.

फॉस्फेटीकरण हा दुसरा उपाय. इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेट याने १९०६ मध्ये या पद्धतीचे एकस्व घेतले. पुढे अमेरिकेत पार्कर या उद्योजकाच्या नावावरून ती ‘पार्करायझिंग’ म्हणून प्रसिद्ध झाली. जस्ताच्या किंवा मँगनीजच्या फॉस्फेटाचे राखाडी, खरखरीत स्फटिक पोलादावर उगवतात. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी एम१ गॅरंड रायफलींच्या भागांवर हाच थर होता. तो स्पंजाप्रमाणे तेल शोषतो आणि त्यावर रंगही घट्ट बसतो. गुळगुळीत फिरावयाच्या घडीच्या चाकूला त्याचा खरखरीतपणा मात्र मानवत नाही.

वापराने येणारी काळसर झाक हाही एक प्रकारचा रासायनिक थरच आहे. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात १८९० पासून बनत असलेल्या ओपिनेल चाकूच्या कार्बन पोलादी पात्यावर कोणताही लेप नसतो. फळे, कांदे कापता कापता ते करडे होत जाते. मराठी घरांतील लोखंडी विळीवर कच्चे केळे चिरल्यावर जो काळा डाग पडतो, तो चिकातील टॅनिन व लोह यांच्या संयोगाचा असतो. हिरडा आणि लोहक्षार यांपासून काळी शाई बनते ती याच क्रियेने. अशी झाक गंजण्याचा वेग काहीसा कमी करते, थांबवीत नाही.

रंगासारखे लेप

एपॉक्सी भुकटी, टेफ्लॉनयुक्त रंग आणि सिरॅमिक कण मिसळलेले बहुवारिक लेप या गटात येतात. ते फवारून भट्टीत भाजतात. सेराकोट या नावाने विकला जाणारा लेप सुमारे १२० अंश सेल्सिअसला पक्का होतो व त्याची जाडी साधारण २५ मायक्रॉन असते. फवारण्यापूर्वी पात्यावर बारीक वाळूचा मारा करून ते खडबडीत करावे लागते, अन्यथा लेप धरत नाही.

गंज रोखण्यात हा गट सर्वांत समर्थ आहे, कारण जाड आणि सलग थरातून पाणी व मीठ पोलादापर्यंत सहसा पोहोचत नाही. उणीव आहे ती टिकाऊपणाची. वाळूचा कण, पुठ्ठा, दोरखंड यांच्या घर्षणाने त्यावर चरे पडतात. चऱ्यातून ओल आत गेली की गंज लेपाखालून पसरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्याने लेप फुगून उचलला जातो आणि वाळूच्या माऱ्याने खडबडीत झालेले पोलाद उघडे पडते. असे पोलाद गुळगुळीत पोलादापेक्षा लवकर गंजते. जाड लेपामुळे पाते कापताना अडखळते, हीही तक्रार असते. निघालेल्या रंगाचे कपचे अन्नात जाऊ शकत असल्याने खाद्यपदार्थ कापण्याच्या चाकूला हे लेप योग्य नव्हेत.

निर्वातातील लेप

भौतिक बाष्पनिक्षेपण, म्हणजे व्यवहारातील पीव्हीडी, या पद्धतीत निर्वात कक्षात धातूची वाफ किंवा आयन तयार करून ते पात्यावर बसवितात. टायटॅनियम नायट्राइडाचा सोनेरी लेप हे याचे परिचित उदाहरण. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी सोनेरी ड्रिल-बिटे याच लेपाची असतात. त्यातच कार्बन मिसळला की रंग करडा किंवा निळसर होतो. डीएलसी या नावाने ओळखला जाणारा ‘हिऱ्यासारखा कार्बन’ हा या कुळातील आज सर्वाधिक मागणीचा लेप होय. अमेरिकेत आयझेनबर्ग व शाबो यांनी १९७१ मध्ये आयनांच्या झोताने असे कार्बन-पटल बनविल्याचे प्रसिद्ध केले. त्यात कार्बनचे अणू काही ठिकाणी हिऱ्यातल्याप्रमाणे, तर काही ठिकाणी ग्राफाइटातल्याप्रमाणे जोडलेले असतात. या दोहोंचे प्रमाण आणि हायड्रोजनचा अंश यांनुसार कठिनता बरीच बदलते. म्हणून केवळ ‘डीएलसी’ हे नाव वाचून लेपाचा दर्जा कळत नाही.

या लेपांची जाडी बहुधा १ ते ५ मायक्रॉन असते. माणसाचा केस त्याच्या कित्येक पट जाड असतो. त्यांची ताकद कठिनतेत आहे. व्हिकर्स श्रेणीवर ६० रॉकवेलचे पोलाद सुमारे ७०० भरते. धुळीतील व वाळूतील गारेचे कण सुमारे ११०० भरतात, म्हणून साध्या पात्यावर धुळीनेही ओरखडे उठतात. टायटॅनियम नायट्राइड २००० च्या वर आणि चांगले डीएलसी त्याहूनही वर असल्याने गारेचा कण त्यांना चरा पाडू शकत नाही. मात्र इतका पातळ आणि कठीण थर मऊ धातूवर दिला, तर दाब पडताच तो अंड्याच्या कवचासारखा तडकतो. मुळात कठीण असलेले हत्यारी पोलाद त्याला खालून भक्कम आधार देते, आणि या दोघांची जोडी जमते ती त्यामुळेच.

तापमानाची अडचण

पाणी दिल्यानंतर पोलाद ठिसूळ होते. ते चिवट व्हावे म्हणून पुन्हा मध्यम तापमानाला तापवितात. या क्रियेला टेम्परिंग म्हणतात. नंतर कधीही पाते या तापमानाच्या वर गेले, तर ते मऊ पडते. ओ१ चे टेम्परिंग साधारणतः २०० अंश सेल्सिअसच्या आसपास होते, तर टायटॅनियम नायट्राइडाचा लेप पारंपरिक रीतीने ४५० ते ५०० अंशांना देतात. ओ१ चे पाते अशा कक्षात घातले, तर बाहेर येईल ते सोनेरी पण धार न धरणारे.

एम२, एम४ यांसारख्या द्रुतगती पोलादांचे टेम्परिंगच ५४० ते ५६० अंशांना होत असल्याने त्यांना ही भट्टी सोसते. पीव्हीडीचा टायटॅनियम नायट्राइड लेप १९८० च्या सुमारास प्रथम द्रुतगती पोलादाच्या ड्रिल-बिटांवर व कटरांवर रुळला, त्यामागे हेही एक कारण होते. डी२ ची स्थिती दुहेरी आहे: त्याचे टेम्परिंग २०० अंशांजवळही करता येते आणि ५०० अंशांच्या वरही. दोन्ही पात्यांवर छाप ‘डी२’ असाच असतो, परंतु उष्ण लेप एकालाच चालतो. डीएलसीचे काही प्रकार २०० अंशांच्या खाली देता येतात. जुन्या किंवा आवडत्या चाकूवर नंतर लेप करून घेणाऱ्याने कारागिराला रंगाआधी तापमान विचारावे, हे सांगण्याची गरज पडते.

कठीण लेप आणि गंज

कठीण लेप गंजही उत्तम रोखत असेल, अशी स्वाभाविक अपेक्षा असते. वस्तुस्थिती निराळी आहे. पीव्हीडीचे थर बारीक स्तंभांसारखे वाढतात. त्यांत सूक्ष्म छिद्रे राहतात आणि त्यांतून ओल पोलादापर्यंत जाते. टायटॅनियम नायट्राइड विद्युत्‌वाहक असून पोलादाच्या तुलनेत रासायनिक दृष्ट्या अधिक निष्क्रिय आहे. त्यामुळे खारट ओल मिळताच छिद्राच्या तळाशी एक सूक्ष्म विद्युत्‌घट तयार होतो. लेपाचा सगळा विस्तृत पृष्ठभाग एका बाजूला आणि टाचणीच्या टोकाएवढे उघडे पोलाद दुसऱ्या बाजूला, अशी विषम स्थिती होऊन पोलाद त्या एकाच बिंदूवर खोल पोखरले जाते. डीएलसीची वाहकता बरीच कमी असल्याने हा दोष त्यात सौम्य असतो; शिवाय त्याखाली पकडीसाठी बहुधा क्रोमियमयुक्त थर देतात. तरी छिद्रे उरतातच. थोडक्यात, घासण्यापासून वाचविणारा लेप आणि गंजण्यापासून वाचविणारा लेप हे बहुधा दोन वेगळे लेप असतात, आणि विक्रीच्या जाहिरातींत हा भेद क्वचितच दिसतो.

धार व खीळ

चांगल्या धारेचे टोक एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. त्यावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मायक्रॉनांचा थर बसला तर धार बोथट होईल. म्हणून कारखान्यात आधी लेप देतात आणि मग धार लावतात. दाढीच्या पात्यांच्या कडेवर टेफ्लॉनचा अतिशय पातळ थर असतो हे खरे. परंतु त्या पात्याला पुन्हा धार लावायची नसते.

घडीच्या चाकूत दुसरी उघडी जागा म्हणजे खिळीभोवतालचा भाग. पाते ज्या चकत्यांवर फिरते तिथे जाड लेप चालत नाही, त्यामुळे तो भाग झाकून मगच फवारणी करतात. पातळ लेप असला तर तो तिथे घासला जातो. मिटलेले पाते जागेवर धरणारी बारीक गोळी पात्यावर एक कमानदार रेघ उमटविते. ही रेघ दोष नसून नेहमीच्या वापराची खूण आहे. गंजाची सुरुवात पुष्कळदा खिळीपाशी होते आणि चाकू खोलल्याशिवाय ती दिसत नाही.

निगा

लेप असो वा नसो, वापरानंतर पाते पुसून कोरडे करणे आणि धारेवर व खिळीत खनिज तेलाचा थेंब देणे आवश्यक असते. जपानमध्ये यासाठी कॅमेलियाच्या बियांचे तेल वापरण्याची परंपरा आहे. खाद्यतेले, विशेषतः जवसाचे, हवेत चिकट होत जातात व बिजागरीचे काम जड करतात. आंबा, लिंबू, चिंच कापल्यावर पाते लगेच पाण्याने धुऊन घ्यावे. दीर्घकाळ ठेवावयाचा चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेले क्षार व आम्ले पोलादाला लागतात. ठिपके दिसू लागले तर ते तेलात भिजविलेल्या मऊ कापडाने पुसावेत. खरखरीत घासणीने रंगासारखा लेप निघून जातो. पीव्हीडीचा थर मात्र अशा घासण्याने सहसा निघत नाही. त्याच्या छिद्रांतून गंज वर आला असेल, तर वरचा डाग पुसला तरी खालचा खड्डा राहतो. अशा पात्यावर तेलाचा हात अधिक वेळा फिरवावा लागतो.