गच्चीवरचं ऊन आणि डोक्यातले गैरसमज

मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपूरच्या सदर भागातल्या रेसिडेन्सी रोडवर चिटपाखरू नसतं. ज्या उन्हाच्या धाकाने आपण वाळ्याच्या ताट्यांमागे, कूलरसमोर बसून राहतो, तेच ऊन गच्चीवर वीज द्यायला तयार असतं. केंद्राने 'मॉडेल सोलर सिटी' म्हणून नागपूरची निवड केली त्याला दीड दशक उलटलं. 13 फेब्रुवारी 2024 रोजी गच्चीवरच्या सौर पॅनलला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना सुरू झाली आणि त्यानंतर कुठे आपल्या गच्च्यांवर पॅनल ठळक दिसू लागली. तरी हा विषय निघाला की छावणीपासून मंगळवारी बाजारापर्यंत तीच पाच वाक्यं कानावर पडतात.

"ऊन जितकं कडक, तितकी वीज जास्त."

पॅनल प्रकाशावर चालतं. उष्णता त्याला मानवत नाही. त्याची क्षमता मोजतात ती 25 अंशांना. मेच्या दुपारी ते स्वतः 65 अंशांच्या आसपास तापतं, आणि 25 च्या वरच्या प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटतं. म्हणजे ऐन दुपारी 12 ते 16 टक्के वीज तापण्यातच जाते. दिवस मोठा आणि आभाळ मोकळं असल्याने उन्हाळ्याचा हिशेब तरीही चांगला भरतो. पण पॅनल स्लॅबला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या. उंच सांगाडा केलात तर पापड-कुरड्यांच्या वाळवणाचीही जागा वाचते. फक्त आपल्याकडच्या अवकाळी वादळात तो टिकेल इतका पाया पक्का हवा. धूळ पुसायची ती सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने.

"लाइन गेली तरी आपल्याकडे दिवे राहतील."

राहणार नाहीत. अनुदानातून बहुतेक घरांवर बसते ती ग्रिडला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा. लाइन गेली की तिचा इन्व्हर्टर त्या क्षणी बंद होतो, आणि तसा तो व्हायलाच हवा. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातातल्या तारेत तुमच्या गच्चीवरची वीज उतरेल. विक्रेत्याने हे आधी सांगितलं नसेल, तर बाकी गोष्टीही त्याला नीट विचारून घ्या.

"सरकार 300 युनिट फुकट देतं."

सरकार वीज देत नाही, यंत्रणेच्या खर्चाला हातभार लावतं. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000; एकूण 78,000 च्या वर नाही. एक किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज चारेक युनिट मिळतात. तीन किलोवॉटचे महिन्याला 300 हून थोडे जास्त होतात. योजनेतला आकडा तिथून येतो. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

ग्रिडला दिलेल्या-घेतलेल्या विजेचा हिशेब ठेवणाऱ्या नेट मीटरमध्ये शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जातात, पण 31 मार्चला खातं बंद होतं आणि उरलेल्या युनिटांना फार कमी दर मिळतो. नागपूरकरांनी ही तारीख लक्षात ठेवलीच पाहिजे. थंडीत साठलेली युनिटं एप्रिल-मेच्या एसीच्या कामी येत नाहीत. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवण्यात शहाणपण नाही.

"पंखे-दिवे बदलून असं किती वाचणार?"

मला सगळ्यांत जास्त खटकतो तो हा समज. जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला 65 युनिट वाचतात. अर्ध्या किलोवॉटचं पॅनल साधारण इतकीच वीज देतं, आणि इथे गच्चीची वीतभरही जागा जात नाही. शिवाय महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: 100 पर्यंत, मग 300, मग 500. वाचलेलं युनिट नेहमी सर्वांत वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतं. दीड टनाचा एसी चालू असताना दीडेक किलोवॉट ओढतो, कूलर 200 वॉटच्या आसपास. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरला तोड नाही. एसी लावायचाच, तर 24 अंशांवर ठेवा. वरच्या मजल्याच्या गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला की खोल्या कमी तापतात. हे सगळं आधी करायचं आणि मग किती किलोवॉट हवेत ते ठरवायचं. बहुतेक घरं उलट क्रमाने जातात.

"हे बंगलेवाल्यांचं काम."

गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. महिन्याला 100 युनिटांच्या आत असणाऱ्या घरांसाठी राज्याने 2025 मध्ये वेगळी योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एका किलोवॉटसाठी केंद्राचे 30,000 आणि राज्याचे 17,500 मिळतात.

शहराने काय करायचं? 2024 च्या केंद्रीय नियमांनुसार 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट उरलेली नाही, त्यामुळे परवानगीची मोठी अडचण दूर झाली आहे. पुणे महापालिकेने सौर यंत्रणा बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत दिली. अशी सवलत वेगळा अर्ज न करता, नेट मीटर बसल्याबरोबर बिलात दिसली पाहिजे. दुसरा मुद्दा सावलीचा. सदरमध्ये जुन्या बैठ्या घरांशेजारी उंच इमारती येत आहेत. नकाशा मंजूर करताना शेजारच्या गच्चीवर किती तास सावली पडेल हे पाहिलं गेलं पाहिजे. ते आपल्या नगरसेवकाकडे मागा.

आणि विक्रेत्याला फोन करण्याआधी गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा, युनिटं महिन्यावार एका कागदावर लिहा, आणि घरात किती जुने पंखे फिरताहेत ते मोजा.