मंदीत माणसं टिकवणारी जर्मन पद्धत

मागणी घटली की कंपन्या आधी नोकरकपातीचा विचार करतात. जर्मनीत ‘कुर्त्सआर्बाइट’ योजनेमुळे माणसांऐवजी कामाचे तास कमी करता येतात. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण ६० टक्के, आणि मुलं असतील तर ६७ टक्के रक्कम बेरोजगारी विम्याच्या निधीतून मिळते. २००९ च्या मंदीत तिथलं सकल देशांतर्गत उत्पादन पाच टक्क्यांहून अधिक घसरलं, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही. दहा लाखांहून अधिक कामगार तेव्हा या योजनेत होते. मागणी परतली तेव्हा कसबी माणसं कंपनीतच होती. नवी भरती आणि प्रशिक्षण यांचा खर्च वाचला. मात्र मंदी तात्पुरती असेल तरच हा उपाय लागू पडतो. मालाला कायमचंच गिऱ्हाईक उरलं नसेल, तर कामगारांना नवं काम शिकवावंच लागतं.