छप्पर आणि घर : केडगावच्या मुक्ती सदनाचा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेलेली असताना, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी या भागातली घरे. उन्हाळ्यात गारवा देणारे हे छप्परच त्या पहाटे अंगावर आले. सुमारे आठ हजार माणसे गेली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे पुढे नव्या जागी वसवण्यात आली. शासनाने, जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देशभरातल्या संस्थांच्या मदतीने, हजारो घरे बांधली.

त्या पुनर्वसनाचा हिशेब घरांच्या संख्येत मांडता येतो. पण एक हिशेब त्यात बसत नव्हता. आईबाप गेलेल्या मुलांना नुसते घर देऊन काय होणार? भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले पुण्याला नेली, त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची वर्षानुवर्षे व्यवस्था केली. संकटातून वाचलेल्या मुलांना दूर नेऊन वाढवायचे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. शंभर वर्षांपूर्वी, पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला, एका बाईने हेच काम याहून मोठ्या प्रमाणावर आणि याहून कितीतरी कमी साधनांत केले होते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन ही एक ख्रिस्ती धर्मादाय संस्था. ती कशी चालली, तिने काय दिले आणि त्याबदल्यात काय मागितले, हे पाहिले तर बेघरांना मदत करणे म्हणजे नेमके काय करणे, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर हाती लागते.

बेघर कोणाला म्हणायचे?

जनगणनेच्या भाषेत बेघर म्हणजे छप्पर असलेल्या इमारतीत न राहणारा माणूस. रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या पायऱ्यांवर झोपणारा. २०११ च्या जनगणनेत देशभरात अशी सुमारे १७ लाख ७० हजार माणसे मोजली गेली. व्याख्या सोयीची आहे, कारण छप्पर आहे की नाही हे मोजणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. पण एकोणिसाव्या शतकातली बालविधवा या व्याख्येत कधीच बसली नसती. तिच्या डोक्यावर छप्पर होते, बहुधा मोठ्या वाड्याचे. त्या वाड्यात तिला कोपरा होता, काम होते, उरलेले अन्न होते. तिचे नव्हते ते घर. नवरा गेल्यावर सासर तिचे राहत नसे आणि माहेरी ती भार ठरे. उद्या दार बंद झाले तर जायला दुसरी जागा नाही, ही तिची स्थिती. रमाबाईंच्या कामाची सुरुवात अशा छपराखालच्या बेघर बायकांपासून झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळ येथे जन्मलेल्या रमाबाई कुटुंबासह तीर्थयात्रा करीत वाढल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत आणि त्यावर कुटुंबाचा निर्वाह चाले. १८७० च्या दशकातल्या दक्षिणेतल्या दुष्काळात पुराण ऐकायला कोणी उरले नाही. आईवडील आणि थोरली बहीण, तिघेही त्या काळात गेले. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत. तिरडीचा एक कोपरा रमाबाईंना उचलावा लागला आणि उंची कमी पडत असल्याने तो डोक्यावर घ्यावा लागला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. सभेत गौरवली गेलेली ही विदुषी त्याआधी अनेक रात्री उघड्यावर आणि उपाशी झोपलेली होती.

शारदा सदन आणि १८९३

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर अमेरिकेत फिरून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि तिने दहा वर्षे खर्च उचलण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. सदनात उच्चवर्णीय विधवांना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

वाद पेटला तो त्याच वर्षी. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली तिथे येऊन बसत. हा धर्मांतराचा मार्ग आहे, असा आक्षेप पुण्यात घेतला गेला, ‘केसरी’ने टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणाला बोलावत नाही, पण माझे दार मी लावूनही घेणार नाही. दोन्ही बाजूंना आपापला मुद्दा होता. आश्रयाला आलेली मुलगी आश्रय देणाऱ्याच्या उघड्या दाराकडे किती मोकळेपणाने पाहू शकते, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला, आणि तो केवळ ख्रिस्ती संस्थांपुरता नाही.

केडगावला काय झाले

बॉस्टनची मदत कायमची नव्हती. म्हणून सदन स्वतःच्या पायावर उभे राहावे या हेतूने रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन ठेवली होती. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा बेत होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने हा बेत बदलून टाकला.

मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारची मदत त्या वेळी दोन प्रकारची असे. अंगात ताकद असलेल्यांना रस्त्याच्या, तलावाच्या, खडी फोडण्याच्या कामावर मजुरी, आणि ज्यांच्यात ती नाही त्यांच्यासाठी गरीबखाने. रमाबाईंना दिसले ते असे की, या दोन्ही ठिकाणी एकट्या पडलेल्या तरुण मुली सर्वांत असुरक्षित आहेत. त्यांना फसवून नेणारी माणसे तिथेच घिरट्या घालत होती. अन्न मिळत होते, पण त्यांची म्हणावी अशी माणसे नव्हती. रमाबाईंनी त्या मुली गोळा करून आणायला सुरुवात केली. पुण्यात प्लेग होता, त्यामुळे त्यांना शहरात ठेवता येईना. म्हणून केडगावच्या मोकळ्या शेतात तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहिल्या. त्या दुष्काळात सुमारे तीनशे मुली आणि बायका आल्या. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदनाच्या इमारतीचे उद्घाटन झाले. लगेच १९०० चा दुष्काळ आला, गुजरात-राजपुतान्यातून आणखी शेकडो जणी आल्या, आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार भुकेली, आजारी, भेदरलेली माणसे एका खेड्याजवळ आणून ठेवणे हे काम दयेने सुरू होते, पण दयेवर चालत नाही. ते चालले कसे, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, मुलींची मोठ्या बायकांमध्ये वाटणी. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या विधवांवर एकेका गटाची जबाबदारी सोपवली गेली. काल स्वतः आश्रयाला आलेली बाई आज दुसऱ्या दहाजणींची आई, शिक्षिका आणि देखरेख करणारी झाली. संस्थेला मनुष्यबळ मिळाले, आणि त्या बाईला जे वाड्यात कधी मिळाले नव्हते ते मिळाले. तिच्यावाचून कोणाचे तरी अडू लागले.

दुसरी गोष्ट, काम. विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि भाजीपाला, गोठा, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम, धुलाई, छापखाना, अशी कामे परिसरातच उभी राहिली. त्यामुळे संस्थेचा खर्च काही प्रमाणात भागे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेर पडणारीच्या हातात पोट भरण्याचे काहीतरी असे.

तिसरी गोष्ट, वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळी सदने. फसवल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. दृष्टिहीनांसाठी बार्तिमी सदन होते. रमाबाईंची मुलगी मनोरमा परदेशी जाऊन ब्रेल लिपी शिकून आली आणि तिने ती इथे शिकवली. सगळ्या दुःखांना एकच दालन पुरत नाही, ही समज त्या काळात विरळ होती.

चौथी गोष्ट जातीची. शारदा सदनात सोवळ्याला जागा होती. मुक्तीत मात्र दुष्काळानेच सगळ्यांना एका पंगतीला बसवले होते, आणि ती पंगत पुढे मोडली गेली नाही.

किंमत कोणी मोजली?

मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते. तिथे वाढलेल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. प्रार्थना हा दिनक्रमाचा भाग होता. १९०५ मध्ये तर तिथे धार्मिक भावावेगाची मोठी लाट आली आणि तिची चर्चा जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळांत झाली. महाराष्ट्राने रमाबाईंना दीर्घकाळ दूर ठेवले त्यामागे हे मोठे कारण होते. मात्र सगळा महाराष्ट्र एका सुरात नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली होती.

आज या प्रश्नाकडे पाहताना दोन सोपी उत्तरे टाळावी लागतात. ‘जीव वाचवला ना, मग धर्माचे काय घेऊन बसलात’ हे एक. ‘मदत हे केवळ आमिष होते’ हे दुसरे. पहिल्यात मुलीच्या मनाला जागा नाही. दुसऱ्यात मुक्तीचा गोठा, माग, ब्रेलची पाटी आणि हजारो जेवणे कुठेच दिसत नाहीत. आमिष दाखवणाऱ्याने मेहनतीचा इतका लांबचा रस्ता धरला नसता. तरीही ज्या मुलीला दुसरे दारच नाही, तिच्या होकाराला पूर्ण होकार म्हणता येत नाही. हे रमाबाईंच्या थोरपणाला उणेपणा आणत नाही. आश्रयदाता आणि आश्रित यांच्यातले अंतरच तसे असते.

या कोंडीवर महाराष्ट्राने शोधलेले एक उत्तर म्हणजे दुसरी दारे उघडणे. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि तो १९०० मध्ये हिंगण्याला गेला. त्यांची पत्नी शारदा सदनात शिकलेली होती, म्हणजे एका घराचा अनुभव दुसऱ्या घराच्या पायात गेला. दुसरे उत्तर स्वतंत्र भारताच्या कायद्याने दिले. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार, शासनमान्य किंवा शासकीय निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही संमतीशिवाय, आणि अज्ञानाच्या बाबतीत पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अनाथ मुलांच्या संस्थांना नोंदणी सक्तीची केली. मूल कोणाकडे राहील, हे ठरवण्याचा अधिकार जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे आहे. मदत करणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो, निर्णय एकट्या त्याच्या हातात नसावा, हे शहाणपण त्यामागे आहे.

मराठवाड्याच्या वाटेवर

मुक्तीचे काम केडगावपुरते राहिले नाही. मनोरमेने निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. उमरग्याच्या सीमेपलीकडचे हे शहर, तेव्हा धाराशिवचा मुलूखही त्याच राज्यात होता. मनोरमा १९२१ मध्ये गेली, पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. अखेरच्या वर्षांत त्या बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकल्या होत्या. प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर भाषा दुष्काळातून आलेल्या मुलींना कळत नाही, हे त्यांना टोचत होते. संस्कृत पांडित्यासाठी ‘सरस्वती’ झालेल्या बाईने मुद्दाम साध्या बोलीकडे जाणारी मराठी निवडली, आणि ते पुस्तक मुक्तीच्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी जुळवले गेले. डोक्यावरच्या छपराइतकीच समजणारी भाषाही घराचा भाग असते, असे त्यांनी मानले असावे.

भूकंपानंतरच्या आमच्या नव्या गावांत चौकोनी आखणीच्या सरळ रुंद रस्त्यांवर भक्कम घरे उभी राहिली. पण जुन्या गल्ल्या, भावकीचे लागून असलेले वाडे, दारातली बैठक मागे सुटली, आणि कित्येकांना शेजार नव्याने जमवावा लागला. सिमेंटचे छप्पर काही महिन्यांत होते. शेजाराला वर्षे लागतात. केडगावला झोपड्यांतून सुरुवात झाली तेव्हा पक्के छप्पर सर्वांत शेवटी आले. त्याआधी कोणीतरी शोधत आले होते, एका मोठ्या बाईच्या हाती सोपवले होते, हाताला काम दिले होते. बेघरांसाठी आज जो कोणी काही करू पाहतो, मग तो चर्चचा असो, मठाचा, दर्ग्याचा की नगरपालिकेचा, त्याने आपली यादी या क्रमाने लावून पाहावी.