गुरगुरणे : एक पूर्वसूचना

बँकेच्या नोकरीत बदली अटळ असते. काही वर्षांपूर्वी माझी बदली भोपाळला झाली, तेव्हा सामानासुमानाबरोबर आमचा टफीही तेथे आला. बाजारात ज्याला सर्रास पॉमेरेनियन म्हणतात, परंतु जो बहुधा भारतीय स्पिट्झ असतो, असा हा पांढराशुभ्र, लहान चणीचा कुत्रा. पुढे आमच्या घरी कन्येचे आगमन झाले. ती रांगू लागली आणि एका संध्याकाळी तिने झोपलेल्या टफीची शेपटी मुठीत धरली. तो वसकन तिच्या अंगावर गेला. तिच्या गालापासून बोटभर अंतरावर त्याचे दात हवेतच मिटले. मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला दोन फटके दिले.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी पहिलाच प्रश्न केला, "यापूर्वी तो गुरगुरत होता का?" होता, परंतु दर वेळी आम्ही त्याला दटावून गप्प केले होते. डॉक्टर म्हणाले, "साहेब, त्याने नोटीस पाठवली आणि तुम्ही ती फाडून टाकलीत." बँकेतील माणसाला यापेक्षा अधिक स्पष्टीकरणाची गरज नव्हती.

कुत्रा सहसा एकदम चावत नाही. प्रथम तो मान फिरवतो, जिभेने ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. मग त्याचे अंग ताठरते, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. त्यानंतर गुरगुरणे, हवेत दात वाजवणे आणि शेवटी चावा. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केल्यास त्याची भीती नाहीशी होत नाही, केवळ सूचना बंद होते. असा कुत्रा पुढे सूचनेवाचून चावू शकतो. लहान कुत्र्यांच्या बाबतीत "एवढासा तर आहे" असे म्हणून या खुणांकडे दुर्लक्ष होते. परंतु रांगणाऱ्या बाळाचा चेहरा नेमका त्याच्या तोंडाच्या पातळीवर असतो, हे विसरता कामा नये.

अशा वागण्यामागे पुष्कळदा वेदना असते. लहान जातींच्या कुत्र्यांना दात व हिरड्यांचे विकार लवकर जडतात. टफीच्याही हिरड्या सुजलेल्या निघाल्या. म्हणून पहिली पायरी पशुवैद्यकीय तपासणीची.

दुसरी पायरी अंतराची. कुत्रा आणि लहान मूल यांना मोठ्या माणसाच्या देखरेखीवाचून एकत्र ठेवू नये, क्षणभरही नाही. आम्ही बैठकीच्या खोलीच्या दारात लहान फाटक बसवले. टफीचे अंथरूण आणि जेवणाचे भांडे बाळाच्या वाटेतून हलवले. खाणाऱ्या, झोपलेल्या अथवा कोपऱ्यात जाऊन बसलेल्या कुत्र्याजवळ मुलाने जायचे नाही, हा नियम ठरला. कुत्र्याला निघून जाण्यास वाट असेल, तर दातांचा आधार घेण्याची वेळ त्याच्यावर सहसा येत नाही.

तिसरी पायरी सवयीची. बाळ काही अंतरावर शांतपणे खेळत असताना टफीला त्याच्या आवडीचा खाऊ मिळू लागला. बाळ दूर नेले की खाऊ बंद. बाळ दिसले म्हणजे काही चांगले घडते, हे त्याला हळूहळू उमगले. यास काही महिने लागले. कन्या थोडी मोठी झाल्यावर तिलाही शिकवले : मिठी मारायची नाही, शेपटी-कान ओढायचे नाहीत, आपण हाक मारावी, तो आपणहून आला तरच पाठीवरून हात फिरवावा.

इतके करूनही वागणूक सुधारली नाही, अथवा प्रत्यक्ष चावा घेतला गेला, तर जाणकार प्रशिक्षकाचे साहाय्य घ्यावे. प्रसंगी मूल नसलेल्या घरी, सर्व हकिगत सांगून, कुत्रा सोपवावा लागतो. त्यास रस्त्यावर सोडून देणे मात्र अन्यायाचे आहे.

चावा अथवा ओरखडा झालाच, तर जखम तत्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना असे काही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेवर व पूर्ण घेतलेली लस मात्र संरक्षण देते. रक्त आले असल्यास लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवतात, परंतु त्यासाठी उपचार लांबवू नयेत. घरच्या कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा. तसेच, मुले भीतीने चावा लपवतात. म्हणून "काहीही झाले तरी आम्हांला सांग" हे त्यांना आधीच बजावून ठेवावे.

आज कन्या चार वर्षांची आहे. टफी म्हातारा झाला आहे आणि अजूनही कधीकधी गुरगुरतो. तो गुरगुरला की ती दोन पावले मागे सरते आणि आईला सांगते, "त्याला आत्ता नको आहे." आता आमच्या घरी त्याला कोणी दटावत नाही.